जिभेत सोडलेला ओळंबा

कॅन्सरच्या ऑपरेशननंतर जिभेचा कापलेला तुकडा पॅथॉलॉजी लॅबमध्ये पोचला की आधी त्याला शाई लावतात. एका कडेला निळी, दुसरीला काळी, तळाला आणखी वेगळी. पुढची कड कुठली, मागची कुठली, खोलवरची बाजू कुठली, हे पुढे मायक्रोस्कोपखाली ओळखता यावं म्हणून. मग तुकड्याच्या चकत्या करतात, त्या चकत्यांमधून केसापेक्षाही बारीक काप काढतात, काचेवर चढवून रंगवतात. गाठीच्या पेशी शाईला टेकलेल्या दिसल्या तर सर्जनच्या सुरीतून काहीतरी निसटून मागे राहिलं असण्याची भीती असते. पेशी आणि शाई यांच्यामध्ये पाच मिलिमीटर निरोगी मांस दिसलं तर सगळ्यांना हायसं वाटतं.

त्यानंतर तिथे बसलेला डॉक्टर जे करतो ते गवंड्याचं काम आहे. तो ओळंबा सोडतो. हे रूपक माझ्या पदरचं नाही, कॅन्सर किती वाढलाय ते ठरवणाऱ्या स्टेजिंगच्या नियमावलीत खरोखरच ओळंब्याचा उल्लेख आहे. गाठीच्या शेजारी तोंडाचं अस्तर जिथे शाबूत असतं, तिथे त्या अस्तराच्या तळाशी एक पातळ पडदा असतो. त्या पडद्याच्या पातळीवर एक आडवी रेघ कल्पायची आणि तिथून कॅन्सरच्या सगळ्यात खोल गेलेल्या पेशीपर्यंत सरळ खाली मोजायचं. पाच मिलिमीटरपर्यंत एक पायरी, पाच ते दहा दुसरी, दहाच्या पुढे तिसरी.

गाठ किती मोठी आहे यापेक्षा ती किती खोल गेली आहे हे मोजायचं, ही गोष्ट वाटते तितकी सरळ नाही. काही गाठी वरच्या बाजूला फुगतात. आरशात भयंकर दिसतात, पण त्यांची मुळं उथळ असतात. काही जखमेसारख्या चपट्या असतात, वरून नखाएवढ्या, आणि आत मात्र स्नायूत भोक पाडत गेलेल्या. नुसती जाडी मोजली तर पहिली जास्त वाईट ठरेल. ओळंबा दुसरीला पकडतो. खोलीला एवढं महत्त्व का, तर खाली लसीकावाहिन्यांचं जाळं असतं, आणि त्या जाळ्यातून कॅन्सर मानेतल्या ग्रंथींपर्यंत पोचतो. डोके आणि मानेच्या कॅन्सरमध्ये, म्हणजे तोंड, घसा, स्वरयंत्र या भागांतल्या कॅन्सरमध्ये, पेशंटचं पुढे काय होणार हे बरंचसं मानेत ठरतं.

‘पुढे काय होणार’ याला डॉक्टर प्रोग्नोसिस म्हणतात. पेशंट आणि घरचे एवढंच विचारतात, किती दिवस? या प्रश्नाला उत्तर म्हणून जो आकडा मिळतो त्याच्याबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी. पाच वर्षांनी अमुक टक्के लोक जिवंत असतात, हे वाक्य जमावाबद्दल आहे. समोर बसलेल्या माणसाबद्दल ते फारच थोडं सांगतं. शिवाय पाच वर्षांचा आकडा मिळायचा तर निदान पाच वर्षांपूर्वी उपचार घेतलेली माणसं मोजावी लागतात, त्यामुळे तो आकडा जन्मतःच जुना असतो.

तरी आकडे लागतातच, कारण उपचार त्यावरून ठरतात. गाठ, ग्रंथी आणि दूरचा प्रसार या तीन गोष्टींवरून स्टेज ठरवायची पद्धत फ्रान्सच्या पिएर दनुआ यांनी १९४०च्या दशकात मांडायला सुरुवात केली. आज जगभर तीच चालते, फक्त दर काही वर्षांनी तिची डागडुजी होते. मिलिमीटरची खोली तिच्या आठव्या आवृत्तीत आली. मला या सगळ्या संशोधनात रस वाटतो तो एका कारणासाठी. रोगाचं भवितव्य सांगणारी खूण सापडली, की आपल्याला वाटतं किल्लीही सापडली. कधी कधी ती खरंच सापडते. कधी कधी खूण खरी निघते आणि किल्ली कुलपात फिरतच नाही.

आधी फिरलेली किल्ली. जिभेची किंवा गालाच्या आतली लहान गाठ असेल आणि मान तपासून काही लागत नसेल, तर मानेतल्या ग्रंथी काढाव्यात का? कितीतरी दशकं यावर सर्जन मंडळींमध्ये दोन तट होते. एक म्हणे, आत्ताच काढा, बारीक प्रसार हाताला लागत नाही. दुसरा म्हणे, उगाच मान कशाला कापायची, खांदा दुखेल, लक्ष ठेवू, गाठ आली तर तेव्हा काढू. दोन्ही बाजूंना आपापला अनुभव होता, आणि अनुभवाने असे वाद मिटत नाहीत. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात अखेर चिठ्ठ्या टाकून पेशंटचे दोन गट केले गेले. २०१५मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. पहिल्याच ऑपरेशनमध्ये मानेतल्या ग्रंथी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. आठ जणांची मान आधी साफ केली तर एकाचा मृत्यू टळतो, असा हिशेब निघाला. गाठ तीन मिलिमीटरपेक्षा खोल असलेल्यांना फायदा स्पष्ट दिसला. ओळंब्याची खूण इथे थेट सुरीपर्यंत पोचली.

ग्रंथीचं कवच फोडून कॅन्सर बाहेर आला असेल तर तो परत येण्याची शक्यता खूप वाढते, हेही जुनं निरीक्षण. युरोप आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्या २००४मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात छापून आल्या. दोन्हींत ऑपरेशननंतरच्या रेडिएशनला सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाची जोड दिली होती. पुढे दोन्हींची माहिती एकत्र तपासली तेव्हा दिसलं की खरा फायदा दोघांना होतो. ज्यांच्या ग्रंथीचं कवच फुटलंय त्यांना, आणि ज्यांच्या शाई लावलेल्या कडेवर पेशी सापडल्यात त्यांना. बाकीच्यांनी केमोचा त्रास का सोसायचा? पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमधली ती एक ओळ म्हणूनच नीट वाचून घ्यावी.

आता सगळ्यात ठळक खूण, जिने संशोधकांना सगळ्यात जास्त चकवलं. टॉन्सिल आणि जिभेचा मागचा भाग इथल्या कॅन्सरपैकी काही तंबाखू-दारूमुळे होत नाहीत, ते ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसमुळे म्हणजे एचपीव्हीमुळे होतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारणीभूत ठरणारा हाच तो विषाणू. तो पेशीत शिरून दोन प्रथिनं बनवतो. त्यातलं एक पेशीचा पहारेकरी असलेल्या पी५३ला नष्ट करवतं, दुसरं आरबी नावाच्या ब्रेकला निकामी करतं. ब्रेक लागत नाही म्हटल्यावर पेशी घाबरल्यासारखी पी१६ नावाचं आणखी एक थांबवणारं प्रथिन भरमसाट बनवत राहते, आणि त्याचा उपयोग शून्य. लॅबमध्ये काचेवर हे पी१६ गडद तपकिरी रंगात दिसतं, त्यावरून विषाणूचा माग लागतो.

तंबाखूमुळे झालेल्या गाठीत बहुतेकदा पी५३चा जीनच मोडलेला असतो. विषाणूच्या गाठीत तो शाबूत असतो, फक्त दाबून ठेवलेला. बहुधा म्हणूनच रेडिएशनचा घाव बसल्यावर या पेशी मरायला तयार होतात. २०१०मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचं विश्लेषण आलं. एचपीव्ही असलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८२.४ टक्के जिवंत, नसलेल्यांपैकी ५७.१ टक्के. स्टेज सारखी, उपचार तेच, तरी एवढा फरक. हा कॅन्सर दिसायला तोच असला तरी रोग वेगळा आहे, हे मान्य करून आठव्या आवृत्तीने त्याची स्टेजही वेगळी केली. अमेरिकेत १ जानेवारी २०१८पासून नवे नियम लागू झाले, आणि ज्या गाठीला आदल्या दिवशी चौथी स्टेज म्हटलं असतं तीच गाठ पहिल्या स्टेजमध्ये बसू लागली. पेशंटच्या शरीरात काहीही बदललं नव्हतं!

मग ओघानेच पुढचा विचार आला. एवढे लोक बरे होतात, त्यातले कितीतरी तरुण, पुढे तीस-चाळीस वर्षं जगायची. मग उपचार हलके का करू नयेत? सिस्प्लॅटिनने कानात कायमची शिट्टी वाजत राहते, ऐकू कमी येतं, किडनीवर ताण येतो. त्याऐवजी सेटुक्सिमॅब नावाची अँटिबॉडी द्यावी. तर्कात कुठेच चूक दिसत नव्हती. २००६च्या एका चाचणीत नुसत्या रेडिएशनपेक्षा सेटुक्सिमॅबची जोड सरस ठरलेलीही होती. दोन चाचण्या झाल्या, निकाल आले २०१८च्या अखेरीस. ब्रिटनमधून चालवलेल्या चाचणीत सिस्प्लॅटिनवाल्यांपैकी दोन वर्षांनी ९७.५ टक्के जिवंत होते, सेटुक्सिमॅबवाल्यांपैकी ८९.४ टक्के. अमेरिकेतल्या चाचणीत पाच वर्षांचे आकडे ८४.६ आणि ७७.९. म्हणजे हलका उपचार कमी पडला. आणि गंमत म्हणावी तर, ज्या त्रासासाठी हा खटाटोप केला तो त्रासही एकूण बेरजेत कमी झाला नाही, फक्त त्याचा प्रकार बदलला. कानाऐवजी त्वचा.

याचा अर्थ एचपीव्हीची खूण खोटी ठरली असा नाही. ती सांगते की हे लोक नेहमीच्या उपचारांनी बहुधा बरे होतील. त्यातला ‘नेहमीच्या उपचारांनी’ हा भाग वाचताना सगळ्यांनी गाळला होता. पेशंटचं काय होईल हे सांगणारी खूण आणि कुठला उपचार लागू पडेल हे सांगणारी खूण, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याहून कडू उदाहरण रक्ताच्या तपासणीतलं आहे. हिमोग्लोबिन कमी असलेल्या पेशंटना रेडिएशनचा फायदा कमी होतो, हे कितीतरी अभ्यासांत दिसलं होतं. कारणही माहीत होतं. रेडिएशन पेशीच्या डीएनएवर जो घाव घालतं तो ऑक्सिजनमुळे पक्का होतो. ऑक्सिजन नसलेली पेशी मारायला अडीच-तीन पट डोस लागतो. मोठ्या गाठीच्या मध्यभागी रक्तवाहिन्या पोचत नाहीत, तिथल्या पेशी गुदमरलेल्या असतात आणि म्हणूनच चिवट असतात. मग रक्त वाढवलं तर? एरिथ्रोपोएटिन हे रक्त वाढवणारं इंजेक्शन हाताशी होतं. ३५१ पेशंटची चाचणी झाली, अर्ध्यांना इंजेक्शन, अर्ध्यांना नुसतं पाणी म्हणावं तसं बिनऔषधी. हिमोग्लोबिन छान वाढलं. २००३मध्ये निकाल आला तेव्हा इंजेक्शन घेतलेल्यांचा कॅन्सर जास्त वेळा परत आलेला होता. कदाचित गाठीच्या पेशींनाच त्या औषधाने बळ मिळालं असेल, कदाचित दुसरं काही. पण समजा ती चाचणी झालीच नसती, तर रिपोर्टमधला वाढलेला आकडा बघून सगळे खूशच राहिले असते.

व्हिटॅमिनचंही असंच झालं. रेडिएशन घेणाऱ्यांना ‘ई’ व्हिटॅमिनचे मोठे डोस देऊन दुसरा कॅन्सर टळतो का हे कॅनडात पाहिलं, तर गोळ्या चालू असताना दुसऱ्या कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं आढळलं. आपल्या मनाने काही घेऊ नका, डॉक्टरांना विचारा, असं सांगतात त्यामागे हा इतिहास आहे.

ज्या किल्लीकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही ती फुकट आहे. वेळ. रेडिएशनचा ठरलेला कोर्स सात आठवड्यांचा असतो, रोज दोन ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक), आठवड्याला पाच दिवस, एकूण सत्तर. १९८८मध्ये विदर्स आणि सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी चाळून दाखवलं की साधारण चौथ्या आठवड्यानंतर उरलेल्या कॅन्सर पेशी खडबडून जाग्या होतात आणि वेगाने वाढू लागतात. तिथून पुढचा प्रत्येक दिवस भरून काढायला अंदाजे ०.६ ग्रे जादा लागतात. म्हणजे तीन दिवसांचा खंड पडला की जवळजवळ एका दिवसाचं रेडिएशन वाया गेल्यासारखं. मशीन बंद पडलं, ताप आला, तोंड इतकं सोलवटलं की पेशंट म्हणाला दोन दिवस नको, अशी कारणं खरीच असतात. पण गाठीला ती कळत नाहीत. डेन्मार्कच्या गटाने हाच हिशेब उलटा वापरला. डोस तेवढाच, पण आठवड्याला पाचऐवजी सहा सेशन, म्हणजे कोर्स आठवडाभर आधी संपतो. गाठीच्या जागी आणि मानेत कॅन्सर काबूत राहण्याचं पाच वर्षांचं प्रमाण ६० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेलं. एकूण आयुष्य मात्र लक्षणीय वाढलं नाही, हेही सांगायला हवं. नवं औषध नाही, नवं मशीन नाही, फक्त वेळापत्रक बदललेलं. ऑपरेशननंतर रेडिएशन सहा आठवड्यांच्या आत सुरू करा, असा आग्रह असतो तो याच कारणाने.

सिगारेटचा मुद्दा इथेच येतो. ‘आता काय, व्हायचं ते होऊन गेलं’ असं म्हणून उपचार चालू असताना ओढत राहणारे असतात. १९९३च्या एका अभ्यासात रेडिएशनच्या काळात ओढत राहिलेल्यांपैकी दोन वर्षांनी ३९ टक्के जिवंत होते, सोडलेल्या किंवा न ओढणाऱ्यांपैकी ६६ टक्के. इथे चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या, ओढणारे इतर बाबतींतही वेगळे असू शकतात. तरी धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतो, हे लक्षात घेतलं की आकडा अगदीच अनपेक्षित वाटत नाही.

स्वरयंत्राच्या कॅन्सरमध्ये एका जुन्या चाचणीने खूण शोधायची वेगळीच रीत वापरली. तोवर वाढलेल्या कॅन्सरला एकच ठरलेला उपाय होता, स्वरयंत्र काढून टाकायचं आणि गळ्याला कायमचं छिद्र. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांमधल्या ३३२ पेशंटवरच्या चाचणीत अर्ध्यांना आधी केमोचे दोन डोस दिले आणि गाठ किती विरघळते ते पाहिलं. विरघळली तर पुढे केमो आणि रेडिएशन, नाही तर ऑपरेशन. म्हणजे खूण कुठल्या काचेवर शोधली नाही, गाठीलाच विचारलं. १९९१मध्ये निकाल आला तेव्हा दोन्ही गटांत दोन वर्षांनी ६८ टक्के लोक जिवंत होते, आणि केमोच्या गटातल्या ६४ टक्क्यांचं स्वरयंत्र शाबूत होतं. जगण्याचे आकडे बरोबरीत सुटले, पण एका गटातली बरीच माणसं स्वतःच्या आवाजात बोलत होती.

प्रतिकारशक्तीला जागं करणारी औषधं आली तेव्हा पुन्हा खुणांचा शोध सुरू झाला. गाठी आपल्या पेशींवर पीडी-एल१ नावाचं प्रथिन मिरवतात आणि प्रतिकारशक्तीच्या टी पेशींना ते ‘मी आपलाच’ असं सांगतं. हा संवाद तोडणारी निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधं. परत आलेल्या कॅन्सरमध्ये २०१६च्या चाचणीत निव्होलुमॅबमुळे एक वर्ष जगणाऱ्यांचं प्रमाण १६.६ वरून ३६ टक्क्यांवर गेलं. मग सगळ्यांनी ही औषधं रेडिएशनबरोबर देऊन पाहिली, आणि एकामागून एक मोठ्या चाचण्या फसल्या. २०२५मध्ये पेम्ब्रोलिझुमॅबच्या ७१४ पेशंटच्या चाचणीत क्रम बदललेला होता. दोन डोस ऑपरेशनच्या आधी, गाठ जागेवर असताना, बाकीचे नंतर. रोग न वाढता, न परतता गेलेला काळ मध्यकाने (म्हणजे निम्म्यांचा त्याहून कमी, निम्म्यांचा जास्त) ३०.४ महिन्यांवरून ५१.८ महिन्यांवर गेला. एक तर्क असा की टी पेशींचं शिक्षण मानेतल्या ग्रंथींमध्येच होतं, आणि आपण आधी त्या ग्रंथी रेडिएशनने भाजत होतो. शाळा पाडून मग मास्तर नेमायचे, त्यातली गत. तर्क पटतो. पण या लेखात आतापर्यंत पटलेले किती तर्क आपटले ते आठवून मी थोडा हात राखून आहे.

डोस किती हवा, हाही प्रश्न उघडाच आहे. टाटा मेमोरियलच्याच चाचणीत निव्होलुमॅबचा फक्त २० मिलिग्रॅमचा डोस, म्हणजे नेहमीच्या दहाव्या भागाहूनही कमी, तोंडाने घ्यायच्या तीन औषधांबरोबर दिला. एक वर्ष जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्के झालं. ज्यांना पूर्ण डोस कधीच परवडणार नाही अशा लोकांची संख्या जगात मोठी आहे, त्यांच्यासाठी ही चाचणी नव्या रेणूइतकीच महत्त्वाची.

आता नवा ओळंबा रक्तात सोडतात. एचपीव्हीच्या गाठीतल्या पेशी मरताना विषाणूच्या डीएनएचे तुकडे रक्तात सांडतात, ते मोजता येतात. अमेरिकेतल्या एका अभ्यासात उपचार संपलेल्या ११५ जणांची अशी तपासणी ठरावीक काळाने होत राहिली. ८७ जणांच्या रक्तात काहीच सापडलं नाही, आणि त्यातल्या एकाचाही कॅन्सर परत आला नाही. २८ जणांच्या रक्तात कधी ना कधी तुकडे सापडले. लागोपाठ दोनदा सापडले ते १६, त्यातल्या १५ जणांचा कॅन्सर परतल्याचं बायोप्सीत सिद्ध झालं, तेही रक्तात खूण दिसल्यानंतर मध्यकाने ३.९ महिन्यांनी.

त्या चार महिन्यांत काय करायचं? स्कॅन स्वच्छ असतो, कापायला गाठ दिसत नाही, रेडिएशन कुठे द्यायचं ते कळत नाही. तेवढ्या आधी कळल्याने माणूस जास्त जगतो का, हे दाखवायला पुन्हा चिठ्ठ्या टाकाव्या लागतील. आणि २८ मधले उरलेले १३ जण, ज्यांच्या रक्तात एकदा तरी तुकडे दिसले पण त्या अभ्यासाच्या काळात कॅन्सर सापडला नाही, त्यांना पहिला रिपोर्ट हातात देताना डॉक्टरने कोणते शब्द वापरावेत?